अमेरिकेतल्या नातवाला कॉलेजच्या बेसबॉल संघाने नाकारले, तर बडोद्यातल्या घराने काय करावे

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात आता अशी मराठी घरे सहज सापडतात, ज्यांची एक पिढी अमेरिकेत स्थायिक झाली आहे आणि ज्यांचा नातू किंवा भाचा तिथे क्रिकेटऐवजी बेसबॉल खेळतो. निवड आणि नकार या घरांना नवीन नाहीत. सोळा वर्षांखालच्या संघासाठी संभाव्य खेळाडूंची यादी लागते, तीत नाव असते किंवा नसते, आणि नसले तर दोन दिवस घरात कोणी फारसे बोलत नाही. अमेरिकेतील कॉलेज बेसबॉलच्या भरतीत अशी यादीच लागत नाही. मुलगा स्वतः निरनिराळ्या कोचना पत्रे पाठवतो, कोणी उत्तर देतो, कोणी देत नाही, कोणी चार महिने आपुलकीने बोलून एकाएकी गप्प होतो, आणि आपल्याला नाकारले आहे की अजून विचार चालू आहे हे त्या सतरा वर्षांच्या मुलालाही धड कळत नाही. माझा भाचा न्यू जर्सीत पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, आहे आणि मी इथे वयोगटांच्या सामन्यांत स्कोअरर म्हणून बरीच वर्षे बसलो आहे. तिथले आईवडील आणि इथले आजी-आजोबा, मामा-काका या सर्वांना उपयोगी पडेल असे जे काही या काळात ध्यानात आले, ते पुढे मांडले आहे.

आधी नकार कोणता आहे ते ओळखावे

सांत्वन करण्याआधी नेमके काय घडले आहे ते समजून घ्यावे, कारण निरनिराळ्या नकारांवर उपाय निरनिराळे असतात. पत्राला उत्तर न येणे हा नकार असेलच असे नाही. एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या पहिल्या विभागाच्या म्हणजे डिव्हिजन वनच्या कोचना मुलगा अकरावीत जाण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत त्याच्याशी भरतीविषयी संपर्क साधण्याची मुभा नसते, त्यामुळे नववी-दहावीतल्या मुलाच्या पत्राला उत्तर आले नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. अकरावीच्या उन्हाळ्यानंतरही दोन-तीन पत्रांना काहीच उत्तर येत नसेल, तर मात्र ते दार बंद आहे असे धरून चालावे.

दुसरा प्रकार स्पष्ट नकाराचा असतो. ‘तुझ्या वर्षाच्या पिचरच्या जागा भरल्या आहेत’ असे एखादा कोच कळवतो. हे उत्तर कानाला कठोर लागते, पण मुलाच्या हिताचे तेच असते, कारण त्याचे पुढचे महिने वाया जात नाहीत. तिसरा प्रकार अर्ध्या होकाराचा आहे. संघात जागा मिळेल, मात्र शिष्यवृत्ती मिळणार नाही. याला तिथे वॉक-ऑन म्हणतात. चौथा आणि सर्वांत जिव्हारी लागणारा प्रकार म्हणजे तोंडी ठरलेली जागा नंतर काढून घेतली जाणे. मुलाने ‘मी अमुक कॉलेजला कमिट झालो’ असे सगळ्या मित्रांना सांगितलेले असते, आजीने देवापुढे पेढे ठेवलेले असतात, आणि मग कोच बदलतो किंवा संघाचे गणित बदलते.

तोंडी शब्द तिथे दोन्ही बाजूंना बांधील नसतो, हे घरातल्या मोठ्यांनी पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ या नावाचे एक पत्र असे, ज्यावर सही झाली की थोडी निश्चिंती येई. ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली आणि तिची जागा आता कॉलेजबरोबरच्या आर्थिक साहाय्याच्या लेखी कराराने घेतली आहे. तो करार हाती येईपर्यंत मुलाने इतर दोन-तीन कोचांशी सभ्यपणे संपर्क ठेवावा. यात बेइमानी आहे असे आपल्याकडच्या सरळ माणसांना वाटते, परंतु कोचही त्याच जागेसाठी इतर मुलांशी बोलतच असतो.

जागांचे गणित

नकार आला की मुलगा ‘मी कमी पडलो’ या निष्कर्षावर येतो आणि घरही नकळत तेच धरून बसते. म्हणून जागांचे गणित मोठ्यांना पाठ असले पाहिजे. पहिल्या विभागातल्या कॉलेजांना पूर्वी संपूर्ण बेसबॉल संघासाठी ११.७ शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम वाटता येई, आणि ती जास्तीत जास्त २७ खेळाडूंत तुकडे करून वाटली जाई. खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर, तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण संघात ३४ हून अधिक खेळाडू ठेवता येणार नाहीत असे बंधन आले. त्याआधी ४० पर्यंत खेळाडू ठेवता येत. पैसा वाढला आणि जागा घटल्या, आणि घटलेल्या जागा बहुतांशी अशाच मुलांच्या होत्या ज्यांना कोच ‘दोन वर्षांत तयार होईल’ म्हणून घेत असे.

आता ३४ जागा चार वर्षांच्या तुकड्यांत वाटल्या, तर एका वर्षाच्या वाट्याला आठ-नऊ येतात. परंतु त्याही सगळ्या शाळेतून येणाऱ्या मुलांना मिळत नाहीत. २०२१ पासून खेळाडूंना एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, वर्ष न गमावता एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाता येते. ज्या नोंदवहीतून हे चालते तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. शिवाय व्यावसायिक मेजर लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, फेऱ्या पूर्वीच्या ४० वरून २०२१ मध्ये २० वर आल्या, त्यामुळे पूर्वी जे खेळाडू व्यावसायिक झाले असते त्यांतले बरेच आता कॉलेजातच थांबतात. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाची स्पर्धा बावीस वर्षांच्या, भरलेल्या अंगाच्या आणि दोन हंगाम खेळलेल्या गड्याशी लागते. ज्या कोचची नोकरी पुढच्या वर्षीच्या निकालांवर अवलंबून आहे तो कोणाला घेईल, हे बडोद्याच्या मोतीबाग क्रिकेट मैदानावर बसणारा कोणताही जाणता प्रेक्षक सांगू शकेल.

हे गणित मुलाला लगेच ऐकवू नये. ते मोठ्यांनी स्वतःसाठी समजून घ्यावे, म्हणजे त्यांच्या तोंडून चुकीचे वाक्य निघणार नाही.

फोनवर काय बोलावे

बडोद्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत दुपारचे बारा असतात. मुलगा शाळा आणि सराव आटोपून घरी येतो, तोवर इथे उत्तररात्र होते. म्हणून बातमी कळल्याबरोबर, मुलगा दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत असताना व्हिडिओ कॉल करू नये. तिथला शनिवार सकाळचा नऊचा सुमार, म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा, ही वेळ बरी. तोवर एक छोटा निरोप पुरतो: ‘आईकडून कळले. वाईट वाटले. तुला बोलावेसे वाटेल तेव्हा बोलू.’

आपल्या घरांतून अशा वेळी हमखास निघणारे एक वाक्य आहे: ‘जाऊ दे रे, आता अभ्यासाकडे लक्ष दे.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण वयाच्या सातव्या वर्षापासून दर शनिवार-रविवार मैदानावर घालवलेल्या मुलाला त्यात एवढेच ऐकू येते की, हे सगळे घराला पहिल्यापासून फुकटच वाटत होते आणि आता ते सिद्ध झाले. ज्या घराने त्या खेळाला कधीच पुरते मानले नाही, त्या घराकडे मुलगा पुढचा नकार घेऊन येत नाही. ‘तुझ्या बाबांनी किती खर्च केला’ हे तर बोलूच नये. ‘त्या कोचला काही कळत नाही’ हेही टाळावे, कारण त्याच कोचकडून मुलाला पुढे शिफारस लागू शकते आणि बेसबॉलचे कोच एकमेकांना ओळखून असतात.

थोरामोठ्यांच्या गोष्टी पहिल्या आठवड्यात सांगू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बेसबॉलचा नामवंत खेळाडू माइक पियाझा १९८८ च्या ड्राफ्टमध्ये ६२ व्या फेरीत निवडला गेला आणि २०१६ मध्ये थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. तसाच नामवंत आल्बर्ट पुहोल्स दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या कम्युनिटी कॉलेजात खेळून १९९९ मध्ये १३ व्या फेरीत निवडला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मुलाला त्या तुमच्याआधी माहीत असतात. दुखऱ्या मनाला त्या उपदेशासारख्या लागतात.

त्याऐवजी माहिती विचारावी. ‘कोचने नेमके काय लिहिले, वाचून दाखवशील का?’ हा प्रश्न विचारला की बरीच मुले बोलती होतात, आणि वाचता वाचता नकाराचा प्रकारही त्यांना स्वतःलाच दिसतो. खेळाची परिभाषा येत नसेल तर ती त्याच्याकडूनच समजावून घ्यावी. माझ्या भाच्याने मला ‘चेंजअप’ हा फसवा, हळू चेंडू समजावताना मोबाइल टेबलावर उभा केला, हातात संत्रे घेतले, बोटे कशी पसरायची ते दाखवले, आणि त्या दहा मिनिटांत ज्या कॉलेजाने नकार दिला होता त्याचा विषय त्याने आपणहून काढला.

मुलगा आठवडे उलटूनही नीट झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर हा खेळाचा प्रश्न राहिलेला नाही. आईवडिलांना त्याच दिवशी सांगावे. शाळेचा समुपदेशक आणि डॉक्टर ही पहिली ठिकाणे, आणि अमेरिकेत मानसिक संकटात मदत करणारा ९८८ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो.

पत्र मुलानेच लिहावे

स्पष्ट नकार आला असेल, तर दोन-तीन दिवसांत मुलाने त्या कोचला उत्तर द्यावे. वडिलांनी नव्हे, आणि मामाने तर मुळीच नव्हे. पालकाच्या हातचे पत्र कोचला पहिल्या ओळीतच ओळखू येते. मजकूर साधारण असा असावा: ‘स्पष्ट कळवल्याबद्दल आभारी आहे. आपल्या संघात खेळण्याची माझी इच्छा होती. माझ्या खेळातील कोणती एक गोष्ट सुधारली तर या पातळीवर विचार झाला असता, हे सांगता आले तर मला उपयोग होईल.’ ‘कोणती एक गोष्ट’ असे विचारल्याने उत्तर देणे सोपे जाते. चेंडूचा वेग, नियंत्रण, देहाची वाढ किंवा गुणपत्रिका यांपैकी काहीतरी पदरात पडते. उत्तर न आले तरी बिघडत नाही.

काढून घेतलेल्या जागेच्या बाबतीत पत्राआधी फोन करावा. नव्या कोचला मुलाने दोनच प्रश्न विचारावेत: माझ्यासाठी अजून जागा आहे का, आणि असल्यास लेखी करार कधी मिळेल. उत्तर गुळमुळीत असेल तर ते नाहीच समजून त्याच आठवड्यात इतर कॉलेजांना नवी पत्रे जावीत. त्या पत्रांत शाळेचे अंतिम वर्ष, खेळण्याची जागा, उंची-वजन, वेग, गुण, येत्या सामन्यांचे वेळापत्रक आणि लहानसा व्हिडिओ एवढे असावे. व्हिडिओत संगीत घालू नये आणि पहिल्या पाच सेकंदांत चेंडू टाकलेला दिसावा.

रोस्टर वाचणे: हे काम आजोबांनी अंगावर घ्यावे

बडोद्यात बसून करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम हेच आहे. प्रत्येक कॉलेजाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर संघाचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, असतो. त्यात खेळाडूचे नाव, जागा, उंची, वजन, कॉलेजातले वर्ष, गाव आणि आधीची शाळा किंवा कॉलेज दिलेले असते. ज्याने धावफलक वाचण्यात आयुष्य घालवले आहे, त्याला तासाभरात हे वाचता येऊ लागते.

एक वही घ्यावी, किंवा एक्सेल येत असेल तर एक्सेल. नातू उजव्या हाताचा पिचर असेल तर तेवढे पिचर वेगळे काढावेत. यांतले किती शेवटच्या वर्षाला आहेत? तेवढ्या जागा सुटतील. किती जणांच्या नावापुढे आधीच्या शाळेऐवजी दुसऱ्या कॉलेजाचे नाव आहे? ते पोर्टलमधून किंवा दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेले. शाळेतून थेट आलेले प्रथम वर्षाचे किती? समजा सोळा पिचर आहेत आणि त्यांतले दहा इतर कॉलेजांतून आलेले आहेत, तर त्या कोचने कितीही प्रेमळ पत्र लिहिले तरी शाळकरी मुलाला तिथे वाव थोडा आहे. वर्षाच्या आधी ‘आर’ हे अक्षर दिसले तर तो खेळाडू एक हंगाम न खेळता राखून ठेवलेला, म्हणजे रेडशर्ट, आहे आणि तो एक वर्ष जास्त थांबणार.

यानंतर त्याच कॉलेजाचा तीन वर्षांपूर्वीचा रोस्टर उघडावा; जुने रोस्टर बहुधा तिथेच मिळतात. त्या वर्षी प्रथम वर्षाला असलेल्या मुलांपैकी आज किती शिल्लक आहेत ते मोजावे. नऊपैकी दोनच उरले असतील, तर तो संघ मुले घेतो आणि सोडून देतो. नऊपैकी सहा उरले असतील, तर तिथे नकार मिळाला तरी पुन्हा विचारण्यात अर्थ आहे. कोच याविषयी काय बोलतो त्यापेक्षा ही दोन पाने मी अधिक खरी मानतो. अशा दहा-बारा कॉलेजांची टिपणे काढून नातवाला पाठवावीत, पण त्यांत ‘इथे जा’ असे लिहू नये. आकडे द्यावेत आणि निर्णय त्याच्याकडे सोडावा.

खालचा विभाग, दोन वर्षांचे कॉलेज आणि चार लोक

या टप्प्यावर घराची प्रतिष्ठा आडवी येते. दुसरा विभाग, तिसरा विभाग, एनएआयए ही वेगळी संघटना आणि ज्यांना ज्युको म्हणतात ती दोन वर्षांची कॉलेजे, हे सगळे आपल्या कानाला उतरत्या भाजणीसारखे ऐकू येते. वस्तुस्थिती तशी सरळ नाही. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नसते, पण अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, आणि त्यात अमेरिकेतील काही अतिशय नावाजलेल्या शिक्षणसंस्था आहेत. हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगमध्येही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, मात्र तो पहिल्या विभागात मोडतो. ज्युकोत खर्च कमी असतो, मुलाला पहिल्याच वर्षी खेळायला मिळते आणि दोन वर्षांनी तो त्याच बावीस-वर्षीयांच्या रांगेत अनुभव घेऊन उभा राहतो. उशिरा अंग भरणाऱ्या पिचरसाठी मी हा मार्ग पहिल्या विभागातल्या बाकावर बसण्यापेक्षा चांगला समजतो. ‘कम्युनिटी कॉलेजात घातला वाटतं’ असे लग्नात विचारणाऱ्यांना काय सांगायचे ते आजीने ठरवावे. मुलाला त्यांच्यापुढे खुलासे द्यायला लावू नये.

अभ्यासाचा विषय इथे आपल्या योग्य जागी येतो. पहिल्या विभागासाठी शाळेतील १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ ची सरासरी लागते. त्यांपैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे झालेले असावे लागतात, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांतले असावे लागतात. एखादा विषय राहिल्यामुळे आलेला नकार टाळण्याजोगा असतो. चांगल्या गुणांमुळे कोचला शैक्षणिक मदतीतून मुलाचा खर्च भागवता येतो, हे मुलाला सांगितले तर ‘अभ्यास कर’ हे वाक्य खेळाच्या बाजूचे होते.

खर्च आणि खांदा

नकारानंतरचे दोन महिने घराच्या खिशाला धोक्याचे असतात. ‘आमच्या शोकेसला ये, कोच तुला पाहू इच्छितात’ अशी पत्रे येऊ लागतात. शोकेस म्हणजे पैसे भरून कोचांपुढे खेळ दाखवण्याचा कार्यक्रम. ज्या पत्रात मुलाच्या एखाद्या विशिष्ट सामन्याचा, व्हिडिओचा किंवा उन्हाळ्यातल्या संघाचा उल्लेख नाही, ते हजारोंना गेलेले आहे असे समजावे. पैसे भरण्याआधी मुलाने त्या कोचला विचारावे की त्याच्या वर्षाच्या पिचरसाठी जागा बाकी आहे का. इथून आजोबांनी निवृत्तिवेतनातून शोकेसचे पैसे पाठवू नयेत. भेट म्हणून आलेल्या पैशाने मुलावर निकालाचे ओझे वाढते.

चिडलेला पिचर जास्त चेंडू टाकतो, आणि ही गोष्ट सर्वांत काळजीची आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनानुसार १७-१८ वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, ८१ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी, आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद ठेवावे, त्यांतले दोन-तीन महिने सलग. वेग वाढवून दाखवण्यासाठी विश्रांतीचे महिने खर्ची घातले, तर कोपराच्या अस्थिबंधाची दुखापत होऊ शकते. त्यासाठीची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की परत पिचिंग करायला वर्षाहून अधिक काळ जातो. ‘आज किती टाकलेस?’ हा प्रश्न दर शनिवारी विचारावा आणि आकडा वहीत लिहावा. मामा मोजतो आहे हे कळले की मुलगाही मोजतो.

तो स्वतः थांबतो म्हणाला तर

काही मुले बारावीच्या हिवाळ्यात म्हणतात की आता पुरे. असे म्हणणे रागाच्या भरातले आहे की विचारांती आहे, हे महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहावे, मध्ये त्याची मनधरणी करू नये. उत्तर तेच राहिले तर ज्या कोचांशी पत्रव्यवहार चालू आहे त्यांना त्याने दोन ओळींनी कळवावे, म्हणजे ती जागा दुसऱ्या मुलाला मिळते, आणि कॉलेजची निवड मग अभ्यासक्रम, खर्च आणि शहर पाहून करावी. अनेक कॉलेजांत विद्यार्थीच चालवत असलेले क्लब बेसबॉल संघ असतात, त्यांत भरती नसते, चाचणी असते, आणि ती बहुधा प्रथम वर्षाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत होते. तारीख चुकू नये म्हणून प्रवेश निश्चित झाला की त्या क्लबच्या पानावर लगेच नाव नोंदवून ठेवावे.